बठ्ठेवाल्यांचं जेवण

बट्टीचं पीठ मळून झाल्यावर बेबाबाईंना कळलं, की जेवायला येणार आहेत ते प्रशीलचे कॉलेजातले मित्र नाहीत.

"पाच-सहा मित्र, असंच म्हणालास ना मला?"

"मित्रच आहेत, आई."

"गाणारे मित्र. धुळ्याला ज्यांच्यापायी दगड पडले, ते मित्र."

प्रशील ओट्याला टेकून अंगठ्याचं नख कुरतडत राहिला. वीस वर्षांचा झाला तरी खोटं पकडलं गेलं की तो दुसरीतल्यासारखाच दिसायचा.

फोडलं होतं ते जावयाने, तेही अजाणता. योगेंद्र सकाळच्या एसटीने धुळ्याहून आला, हातपाय धुतले, चहाचा कप घेतला आणि सहज विचारावं तसं म्हणाला, "आज बठ्ठाचं जेवण आपल्याकडे आहे म्हणे?" घरातल्या सगळ्यांना ठाऊक असेल असं त्याला वाटलं होतं. ठाऊक होतं ते फक्त प्रशीलला आणि प्राचीला, बहीणभावाला.

बठ्ठा, म्हणजे 'सगळे', हा चार जणांचा बँड. दोन गिटार, एक ड्रम आणि गाणारा वना. इंग्रजी बँडसारखा धडधडाट, शब्द मात्र घरच्या खानदेशी बोलीतले. त्यांचा एक नेम होता. ते हॉटेलात उतरत नसत. ज्या गावात कार्यक्रम, त्या गावातल्या एका चाहत्याच्या घरी दुपारी जेवत, मग संध्याकाळी वाजवत. चाहते स्वतःला बठ्ठेवाले म्हणवून घेत आणि जेवणाच्या पाळीसाठी महिनोन्महिने वाट बघत. जळगावची पाळी प्रशीलने मागितली होती. तेव्हा 'कुलूप' हे गाणं आलेलं नव्हतं. गावाच्या हापशाला कुलूप लावून बसलेल्या एका साहेबावरचं ते गाणं. साहेबाचं नाव त्यात नव्हतं, पण ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते कळत होतं. साहेबालाही कळलं. मागच्या महिन्यात धुळ्याला ज्या घरी बँड जेवला, त्या घरावर माणसं चालून आली. घरमालकाच्या डोक्याला टाके पडले.

"आमच्या मागच्याच गल्लीतलं घर," योगेंद्र हलक्या आवाजात म्हणाला. "आवाज आमच्या घरात येत होता."

बाहेरच्या खोलीतून प्रशीलचे वडील, भिकनआबा, आत आले. पाइपच्या कंपनीत उभा जन्म गेलेला माणूस, बोलायचे कमी. त्यांनी प्रशीलच्या हातातला फोन काढून घेतला आणि कपाटावर ठेवला.

"आबा, लोक निघालेत तिकडून."

"निघू दे."

"पाळी नाकारत नाही कोणी. आजवर कोणीच नाकारली नाही."

"टाके पडल्यावरही?"

"टाके पडले त्या काकांनीच परत बोलावलंय, आबा. पुढच्या शोला."

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. राग असता तर प्रशीलला बरं वाटलं असतं. आबांच्या डोळ्यांत राग नव्हता. होती ती भीती, जुनी. ती कुठून आली हे प्रशीलला कधी कोणी सांगितलं नव्हतं.

*

आतल्या खोलीत प्राची उत्पलाच्या पायांना तेल लावत होती. लेक सहा महिन्यांची. तेल लागलं की पाय सायकल चालवल्यासारखे हलवायची.

योगेंद्र दारात उभा राहिला. "बॅग भर. दुपारच्या गाडीने निघू."

"धुळ्याला? जिथे दगड पडले तिथे?"

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाही करत. कुठे जायचं ते विचारतेय."

तो पलंगाच्या कडेवर बसला. उत्पलाने त्याचं बोट पकडलं. "मला एक सांग," तो म्हणाला, "असं आहे काय त्या गाण्यांत? शिकलेली बाई तू. पोरीची आई. त्या पोरांसारखी काळा टी-शर्ट घालून..."

प्राचीने उत्पलाच्या पोटरीवरचं तेल जिरवलं.

"ही झाली तेव्हाचं आठवतं? मी रडायचे. तुम्ही विचारायचात काय झालं, आई विचारायची काय झालं. काहीच झालेलं नव्हतं. दूध होतं, बाळ धडधाकट होतं, सगळे चांगलं वागत होते. त्यामुळे तर जास्तच रडू यायचं. सगळे हळू बोलायचे माझ्याशी. गप गप, होईल बरं. एकदा प्रशीलने माझ्या कानात इअरफोन घातले आणि तो वना ओरडला. इतका ओरडला, की मला वाटलं, हे मीच ओरडतेय. ही मांडीवर दूध पीत होती. मी शांत बसून ओरडत होते."

योगेंद्र उत्पलाच्या मुठीतलं बोट हळूच हलवत राहिला.

"मग बठ्ठेवाल्यांच्या ग्रुपमध्ये गेले. तिथे एक बाई होती एरंडोलची. तिने मला रोज विचारलं, आज जेवलीस का. गाण्याबद्दल एक शब्द नाही. जेवलीस का, एवढंच. गाणं आवडलं म्हणून कोणी बठ्ठेवाला होत नाही हो. गाणं हे फक्त आत जायचं दार."

"आणि उत्पला?" योगेंद्र म्हणाला. "तिला काही लागलं तर?"

सकाळपासून तोच प्रश्न प्राचीच्या छातीवर बसला होता. भावाला तिने हो म्हटलं तेव्हा ती बठ्ठेवाली होती. आता तेल लावताना नुसती आई होती, आणि ह्या दोघींचं आपसात जमत नव्हतं. तिने कपाटाखालून बॅग ओढली. भरली नाही. नुसती उघडी ठेवली.

*

भिकनआबा बाहेरच्या खोलीत एकटे बसले होते. बरोबर त्यांची आई होती, पण भागाबाईंनी आता घरातल्या बोलण्यात पडायचं सोडून दिलं होतं. जपमाळेसारखी हातात शेंगांची परडी असायची. सोलत राहायच्या.

आबांना आठवत होतं ते एरंडोलजवळच्या त्यांच्या खेड्यातलं. बाबासाहेबांची गाणी म्हणणारी गायन पार्टी यायची. पेटी, ढोलकी, डफ. गावात त्यांना ओसरी कोण देणार? वडील द्यायचे. वडील त्या पार्टीपायी वेडे होते. कामावर खाडा करून तिच्या मागे गावोगाव सायकल मारायचे. एका वर्षी पार्टी जेवून गेली आणि दुसऱ्या दिवशी घरामागची कडब्याची गंजी पेटली. लहानग्या भिकनने ओरडू नये म्हणून आईने त्याच्या तोंडावर हात दाबून धरला. त्या हाताला लसणाचा वास होता. गंजी जळून संपेपर्यंत तो हात निघाला नाही. त्यानंतर कुठेही मोठ्याने गाणं लागलं, की आबा आधी दाराकडे बघत.

चार्जिंगला लावलेला प्राचीचा फोन वाजला. अर्शी. पाळ्यांचं सगळं ती बघते हे आबांना माहीत होतं. शेरा चौकातल्या टेलर नईमभाईंची मुलगी. दोन-तीनदा घरी आलेली.

"प्राचीताई, आम्ही अजिंठा चौफुलीपाशी आलो. वनाभाऊंना भूक लागलीय, म्हणून—"

"मी तिचे वडील."

"अरे आबा! सलाम. येतोच आम्ही."

नाही म्हणायचं होतं. नका येऊ, एवढंच म्हणायचं होतं. पण 'नाही' म्हटलं की समजूत घालतील, वाद घालतील, दारात येतील. ज्याच्यापुढे कोणाचं काही चालत नाही असं काहीतरी हवं होतं. तोंडातून निघून गेलं.

"येऊ नका, बेटा. घरात मयत झालीय."

"या अल्लाह. कोणाची?"

समोर भागाबाई शेंग सोलत होत्या.

"माझ्या आईची," आबा म्हणाले.

अर्शीचा आवाज बदललेला आला. "आबा, तुम्ही काही काळजी करू नका." फोन ठेवला गेला.

आबांनी तो फोन बंद करून खिशात घातला. आईला ऐकायला कमी यायचं, हे किती बरं झालं! आत जाऊन त्यांनी सांगितलं, "कळवलं त्यांना. येत नाहीत ते."

"काय सांगितलंत?" प्रशील उठलाच.

"नाही म्हटलं. बस."

प्रशील पायरीवर जाऊन बसला, पाठ करून. योगेंद्रने मोठा श्वास सोडला. प्राचीने बॅगेत एक दुपटं ठेवलं, पुन्हा बाहेर काढलं. तिला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याचीच तिला लाज वाटली. बेबाबाई परातीकडे बघत होत्या.

"एवढं पीठ," त्या म्हणाल्या. "आता ह्याचं काय करू?"

"मी खासू ना," परातीजवळ येऊन भागाबाई म्हणाल्या. "भूक लागनी माले."

*

गाड्यांचा आवाज आधी भागाबाईंना कळला. त्यांना ऐकू कमी यायचं, पण फरशी थरथरली की पायांना समजायचं. त्यांनी खिडकीतून पाहिलं. गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकली. एक नाही, दोन नाही, येतच होत्या. वरची माणसं काळ्या कपड्यांत. जळगावच्या उन्हात सगळ्यांची तोंडं रुमालांनी बांधलेली. कोणी हॉर्न वाजवत नव्हतं, कोणी बोलत नव्हतं. गाड्या एकेक करून घरासमोर लागत होत्या.

"भिकन," त्या म्हणाल्या, "मानसं उनात."

आलेली माणसं बघून प्रशील पायरीवरून आत आला आणि त्याच्या मागे आबांनी दार लावलं. वरची कडी, खालची कडी.

"आपले नाहीत ते," प्रशील म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "आपल्यांच्या टी-शर्टवर नाव असतं. मोठ्या अक्षरात. ह्यांच्यावर काहीच नाही."

"आत जा," आबा प्राचीला म्हणाले. "मोरीत जा, तिला घेऊन. खिडकी नाही तिथे."

प्राची उत्पलाला घेऊन मोरीत जाऊन बसली, भिंतीला पाठ लावून. बाळाला वाटलं खेळ आहे. ते हसलं, आवाज करून. प्राचीने तिच्या ओठांवर हात ठेवला. हलकाच. मग तो काढला आणि आपलं तोंड तिच्या केसांत खुपसलं.

बाहेर आबांनी हाताला येईल ते उचललं. कंपनीतून आणलेला प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा. त्याने कुत्रंसुद्धा पळालं नसतं. योगेंद्रने स्टूल धरलं होतं. बेबाबाई गॅस बंद करत होत्या, चालू करत होत्या, पुन्हा बंद करत होत्या.

पावलं दारापाशी आली आणि थांबली. धक्का नाही. लाथ नाही. नुसती कोणीतरी कडी वाजवली, अगदी हळू, आजाऱ्याच्या घरी वाजवावी तशी.

आता काय करतात ह्याची वाट सगळे बघत असताना भागाबाईंनी शेंगांची परडी बाजूला ठेवली आणि खिडकीची फट केली.

"कोन शे रे?"

"बठ्ठेवाले शेतस, माय," फटीच्या अगदी जवळून जाडसर आवाज आला. "मयतले उनूत."

"कोनी मयत?"

"प्रशीलनी मोठी माय वारनी ना. भागाबाई."

भागाबाई खिडकीपासून वळल्या. प्रशीलने आबांकडे पाहिलं, मग योगेंद्रने, मग बेबाबाईंनी. आबा पाइपचा तुकडा धरून उभे होते.

"भिकन," भागाबाई म्हणाल्या, "तू माले मारी टाकं का रे?"

*

प्रशील आधी हसला, म्हणजे तसा आवाज निघाला. मग हसू तिथेच संपलं.

"आबा. तुम्ही मयत सांगितलीत. बठ्ठेवाल्याच्या घरी मयत झाली की काय होतं माहितीय? सगळे येतात. हातातलं काम सोडून. टी-शर्ट उलटे घालतात, नाव आतल्या बाजूला. त्या घरी चूल पेटलेली नसेल म्हणून डबे आणतात." तो थांबला. "आणि त्या दिवशी बठ्ठा वाजवत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आजचा शो गेला. साहेबाला दगड मारून जे जमलं नाही, ते तुम्ही फोनवर केलंत."

आबा खाली बसले. फटीतून दिसत होतं, डबे हातात धरून उन्हात उभी राहिलेली माणसं. अर्शी डोक्यावर ओढणी घेऊन. पाठीमागे वना असावा, कोणाच्या तरी आधाराने उभा असल्यासारखा किडकिडीत माणूस. आणि त्या सगळ्यांच्याही मागे, गल्लीच्या कोपऱ्यावर, पांढरे शर्ट घातलेले दोघे एका गाडीवर बसून फोनवर बोलत होते. ते मयतीला आलेले नव्हते.

"आपण प्रशीलला पाठवू," बेबाबाई कुजबुजल्या. "तो सांगेल काहीतरी. आजारी होत्या, बऱ्या झाल्या. डॉक्टर चुकला."

"डॉक्टरला कशाला मध्ये आणता, आई?" योगेंद्र म्हणाला, आणि स्टूल खाली ठेवलं. "मी जातो. मी समजावतो."

"नको, जावईबापू," आबा म्हणाले. "माझी आई. मीच मारलीय."

त्यांनी खालची कडी काढली. वरची दोनदा ओढली, निघेना. ती भागाबाईंनी काढली, काठीने ढकलून.

बाहेर ऊन एकदम डोळ्यांवर आलं. सगळ्यांनी तोंडावरचे रुमाल खाली घेतले. अर्शी पुढे झाली, तिचे डोळे लाल होते. ती काही बोलायच्या आत आबांनी हात जोडले.

"आई जिवंत आहे माझी," ते म्हणाले. मागच्यांना ऐकू जावं म्हणून पुन्हा म्हणाले. "जिवंत आहे. काही झालेलं नाही तिला. मी खोटं बोललो. भ्यालो होतो मी."

भागाबाई त्यांच्या मागून येऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या, पदर सारखा करत, पाहुण्यांसमोर यावं तशा.

"जित्ती शे मी," त्या म्हणाल्या. "या घरमा."

कोणीतरी हुंदका दिल्यासारखं हसलं. अर्शीने ओढणीत तोंड लपवलं. आबा अजून हात जोडूनच उभे होते, कोपऱ्यावरच्या पांढऱ्या शर्टांकडे बघू नये असं ठरवून, आणि तिकडेच बघत.

वना गर्दीतून पुढे आला. जवळून तो फारच लहान दिसत होता, आणि उन्हाने थकलेला.

"काका," तो म्हणाला, "भेव तर मालेबी वाटस. गाताना मना पाय थरथरतस. लोकसले वाटस, ताल शे."

तेवढ्यात आतून उत्पलाचं रडणं ऐकू आलं, आणि तिला घेऊन प्राची मोरीतून बाहेर आली. तिने गल्लीकडे पाहिलं, उलट्या टी-शर्टांकडे, डब्यांकडे. मग योगेंद्रकडे पाहिलं. बाळ त्याच्या हातात दिलं आणि आईला म्हणाली, "गॅस लाव. बट्ट्या तळायला घे."

*

जेवणं अंगणात आणि गल्लीत बसून झाली. आणलेले डबे आणि घरची वरण-बट्टी, दोन्ही. शो होणार हे ठरलं. वनाच्या पाठीवर कोणीतरी चापट मारली, टी-शर्ट सरळ केले गेले, काळ्या कापडावर मोठी अक्षरं परत आली. ती अक्षरं दिसली तशी कोपऱ्यावरची गाडी सुरू झाली आणि निघून गेली.

ती गेली ह्याचा अर्थ काय, हे प्रत्येकाला कळलं. घर आता साहेबाच्या माणसांच्या लक्षात राहिलं होतं.

आबा उठले. "जावईबापू, जरा हात लावा." बाहेरच्या खिडकीच्या सरकत्या काचा त्यांनी उचलून चौकटीतून काढल्या. एक, मग दुसरी. मग आतल्या खोलीच्या. योगेंद्र दुसरी बाजू धरत गेला, काही न विचारता. काचा गोधडीत गुंडाळून पलंगाखाली सरकवल्या. आता घराला नुसते गज उरले आणि गल्लीतली धूळ थेट आत यायला लागली.

"डास येतील," बेबाबाई म्हणाल्या.

"येऊ दे. काचा उडण्यापेक्षा डास बरे."

योगेंद्र उत्पलाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होता. बॅग अजून उघडीच होती. "आज राहतो मी इथे," तो प्राचीला म्हणाला. "उद्याचं उद्या बघू." तिने मान हलवली. त्याला अजून भीती वाटतेय हे तिला दिसत होतं. तिलाही वाटत होती. दोघांची भीती आता एकाच खोलीत होती, एवढंच.

सगळे शोला निघायच्या तयारीत असताना अर्शीने गल्लीत उभं राहून विचारलं, "इथे कोण थांबेल? शो संपेपर्यंत. घर एकटं नको."

आबांना वाटलं, कोणी थांबणार नाही. लांबून आलेली माणसं, नंदुरबार, शिरपूर, चोपडा. ह्याच गाण्यांसाठी ऊन खात आलेली. पण हात वर झाले. इतके झाले, की अर्शीलाच काहींना ते खाली घ्यायला सांगावं लागलं, आणि त्यावरून दोघांत वाद झाला.

राहिलेल्यांत आबांच्याच वयाचा एक होता, पिकलेल्या मिशांचा, तोताराम नावाचा. शिरपूरला एसटीच्या वर्कशॉपात. तो पायरीवर येऊन बसला, बूट काढून.

"तुम्ही ह्या पोरांत कसे काय?" आबांनी विचारलं.

"मुलाला शोवरून ओढून आणायला गेलो होतो. दंगेखोर पोरं, म्हटलं, हातपाय मोडून घेईल." तोतारामने मिशीवरून हात फिरवला. "मुलाचं वेड दोन महिन्यांत उतरलं. मी राहिलो."

"आणि आज आलात एवढ्या लांबून, तर ऐकायचं सोडून इथे बसलात."

"ऐकायला काय," तो म्हणाला, "गाणं फोनवर पण लागतं."

गाड्या निघून गेल्या. थांबलेले बाकीचे घरामागे जाऊन बसले आणि गल्ली मोकळी झाली. ऊन कलत होतं. आत भागाबाई झोपल्या होत्या, बेबाबाई भांडी घासत होत्या. प्राची शोला गेली नव्हती. ती बिनकाचेच्या खिडकीशी लेकीला पाजत बसली होती. आबा तोतारामच्या बाजूला पायरीवर बसले.

बरंच काही बोलायचं होतं. गायन पार्टीचं, वडिलांच्या सायकलचं, कडब्याच्या गंजीचं. त्यांनी ते कधी कोणाला सांगितलं नव्हतं. "आमच्या बापालाही असंच वेड होतं," एवढं म्हणून त्यांनी सुरुवात केली.

गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकलचा आवाज आला. एक नसावी. आबा बोलायचे थांबले. तोतारामने बूट पायात घातले, घाई न करता.

दोघेही उभे राहिले. मागे दार सताड उघडं होतं. दोघांपैकी आत कोणी गेलं नाही.